वाचकांचे प्रश्न : भाचा केनियाला निघालाय

प्रश्न : माझा भाचा वसई धर्मप्रांतात (कॅथलिक चर्चच्या वसई विभागात) धर्मगुरू आहे. त्याला पाच वर्षांसाठी केनियात पाठवताहेत. तो कायमचा तिकडचा होईल का? मिस्सेचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) सामान इथूनच द्यावं का?

उत्तर : आपोआप नाही. इथल्या आणि तिथल्या बिशपांमध्ये, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांमध्ये, लेखी करार होतो आणि भाचा वसईचाच राहतो. पाच वर्षं झाल्यावर त्याने तिथेच राहायची इच्छा दोघांना लेखी कळवली आणि चार महिन्यांत कोणीच लेखी हरकत घेतली नाही, तरच तो तिकडचा होतो. रजेचं तिकीट आणि आजारपणाचा खर्च कोणाकडे, हे करारात आत्ताच लिहून घ्यायला सांगा. कुरबुर यावरूनच होते.

यलो फीव्हरची (पीतज्वराची) लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. दाखला त्यानंतरच ग्राह्य धरतात. तो आता आजन्म चालतो, पण घरी विसरू नये. रजेवर भारतात येताना तो जवळ नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत.

सामानाचं म्हणाल, तर भाकर (मिस्सेत प्रसाद म्हणून देतात ती पातळ चकती) आणि वाईन इथून नेण्यात अर्थ नाही. भाकर निव्वळ गव्हाची, बिनखमिराची लागते. तिकडचं रोजचं जेवण उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, पण मक्याची भाकर मिस्सेला चालत नाही. गावोगाव नेताना भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात कपड्याच्या घडीवर ठेवतात. दमट हवेत बुरशी धरते, खडबडीत रस्त्यावर चुरा होतो. मिस्सेला वाईन चमचाभरच लागते, पण फोडलेली बाटली उन्हात आठवडाभर राहिली की आंबते, आणि व्हिनेगर झालेली वाईन चालत नाही. म्हणून ती छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरावी, वर हवा राहू देऊ नये.

प्रश्न : तिकडे एक फादर पंधरा गावं कशी सांभाळतो?

उत्तर : सांभाळतो तो गावचा कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा गावातला सेवक. फादरांना एरवी दिवसाला एकच मिस्सा. बिशपांच्या परवानगीने रविवारी फार तर तीन. त्यातली एक मुख्य चर्चमध्ये, म्हणजे गावांसाठी दोन उरल्या. पंधरा गावांचा फेरा पुरा व्हायला आठ रविवार लागतात, आणि पावसात रस्ता वाहून गेला की आणखी. मधल्या रविवारी कॅटेकिस्ट वाचन-प्रार्थना चालवतो, बाप्तिस्म्याची तयारी करून घेतो, कोण आजारी आहे ते कळवतो. तेव्हा भाच्याने आधी स्वाहिली शिकावं आणि पहिल्या महिन्यात कॅटेकिस्टांच्या घरी जाऊन यावं. बॅगेचं वजन नंतर बघा.