नोकरी सोडू की गोधड्या सोडू? जुळे सोलापूरच्या मैत्रिणीला उत्तर

हाय गं,

तुझं पत्र नीट वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही आपली मैत्रीण पुण्यातल्या एका डिजिटल एजन्सीचं काम सोलापुरात घरी बसून करते, क्लायंटचं सोशल मीडिया सांभाळायचं, रील एडिट करायचे. आईकडून शिकलेल्या गोधड्या शिवायची तिला हौस, गंमत म्हणून फोटो इन्स्टावर टाकले आणि ऑर्डरी सुरू झाल्या. आता दिवसभर लॅपटॉप, रात्री सुई, मुलगी तिसरीत, सासूबाई नाराज, आणि नवरा म्हणतो दोन्हीतलं एक काहीतरी सोड. तर काय सोडू, असं तिनं विचारलंय.

आत्ता काहीच सोडू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. पण गोधडीचं काम तू ज्या पद्धतीनं चालवतेयस ना, ती पद्धत मात्र सोड. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "रोज एक पोस्ट नाही गेली तर रीच पडतो म्हणून रात्री 11 ला शिवतानाचा व्हिडिओ काढते." अगं हे तर ऑफिसचंच काम झालं की! रोज पोस्ट, लगेच रिप्लाय, प्रत्येक कमेंटला उत्तर, ही सवय क्लायंटच्या पेजला ठीक आहे कारण त्याचे तुला पैसे मिळतात. धावदोरा काही त्या वेगानं जात नाही, आणि तुझ्या मानेला आणि डोळ्यांना पण तो झेपत नाही. म्हणजे तू दोन नोकऱ्या आणि एक संसार करत नाहीयेस, तू एकच नोकरी दोनदा करतेयस आणि गोधडी उरलेल्या वेळात शिवतेयस.

आता पैशाचं. एक मोठी गोधडी 1,800 ला देते म्हणालीस, त्यात कापड-दोरा 500, कुरिअर 150, उरले 1,150. आणि शिवायला लागतात साधारण 60 तास. म्हणजे तासाला 20 रुपये पण नाहीत गं! हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. तासाला नुसते 60 रुपये धरलेस तरी किंमत 4,250 होते. एवढे कोण देणार असं वाटेल, पण कमी लोक देतील आणि तुला कमीच लोक हवेत. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी बाळाची छोटी गोधडी ठेव, ती लवकर होते.

सासूबाईंबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी जरा थांबले. त्या म्हणतात, "इतकं मरमर करून हातात काय येतं?" तुला तो टोमणा वाटला. पण तूच लिहिलंयस की त्यांनी निम्मं आयुष्य घरात बसून विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला हाताच्या कामाचा हिशोब आपल्यापेक्षा जास्त कळतो, घरातलं काम आणि पैशाचं काम एकाच पाटावर कसं करायचं ते पण. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर वहीत मांडून त्यांच्यासमोर ठेव. आणि थर अंथरून कच्चे टाके घालायला दोन माणसं असली की सोपं जातं, तेव्हा हक्कानं बोलव त्यांना. विचारून तर बघ.

वर्षाचं गणित पण बदल. एजन्सीत गणपतीपासून दिवाळीपर्यंत तुला श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि गोधडीची मागणी थंडीत, म्हणजे दिवाळीनंतर ते थेट जानेवारीतल्या आपल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत. ऑर्डर घेऊन मग शिवायला बसलीस की दोन्ही एकदम अंगावर येणारच. म्हणून आधी शिव, मग विक. आपल्याकडच्या मे महिन्यात गोधडी मांडीवर घेऊन बसणं म्हणजे शिक्षाच, तेव्हा उन्हाळ्यात फक्त चिंध्या धुवायच्या, कापायच्या, रंग जुळवायचे, यात मुलीला पण घे, तिला मजा येईल. टाके पावसाळ्यात. दिवाळी झाली की जेवढ्या तयार असतील तेवढ्याच फोटो टाकून विकायच्या, संपल्या की संपल्या. व्हिडिओ दिवसा, उजेडात, महिन्यातून एकदा बसून काढ आणि शेड्यूल कर, हे तुला मी काय शिकवणार.

युनिफॉर्मच्या कारखान्यातून चिंध्या स्वस्तात मिळतात हे खरं, पण त्यातलं बरंचसं टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापड असतं. सुती कापड धुतल्यावर आटतं, टेरीकॉट तेवढं आटत नाही, मग पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात, एका गिऱ्हाइकाची तक्रार आली म्हणालीस ती बहुतेक यामुळेच. दोन्ही वेगळं ठेव. आणि पोस्टला "सोलापुरी चादर" असा टॅग लावू नकोस. ते भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे, मागावर विणलेल्या चादरीचं. तुझी गोधडी आहे, गोधडीच म्हण.

कागदपत्रांचं म्हणशील तर नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का ते आधी वाच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस.

नवऱ्याला मात्र मी सरळ सांगेन, भाऊजी, सोड म्हणायच्या आधी पार्सल तुम्ही पॅक करा, कुरिअरला तुम्ही टाका, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा ओटा पण तुमचा. शिफ्टवरून दमून येता हे मान्य, ती पण दमते. हे करून सहा महिने बघा आणि मग दोघं बसून ठरवा.

राहिल्या आत्ता घेतलेल्या पाच ऑर्डरी. उद्या प्रत्येकीला फोन कर, मेसेज नको, फोनच. खरी तारीख सांग, थांबायला तयार असेल तर ठीक, नाहीतर ॲडव्हान्स त्याच दिवशी परत कर. किंमत मात्र या पाच जणींना जुनीच, तू शब्द दिलायस.