अजाइल शिकायचंय? आधी क्रायस्लरचा पगार बघ

प्रिय मित्रा,

पगाराचं सॉफ्टवेअर अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत ग्राहकाला दाखवत करतोयस; स्टँडअप (रोजची छोटी बैठक), स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा टप्पा), रेट्रो (टप्प्यानंतरचा आढावा) सगळं होतंय, तरी ग्राहक नाराज आहे, असं तू लिहिलंस. यातली प्रत्येक पद्धत कुठल्या दुखण्यावर निघाली ते एकदा बघून घे.

फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, पण त्यातलं बरंचसं आधीच वापरून झालेलं होतं. क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीचा पगाराच्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प घे. तो रखडल्यावर १९९६ मध्ये केंट बेक या सॉफ्टवेअर तज्ज्ञाला बोलावलं. काम नव्याने सुरू झालं, तेही तीन-तीन आठवड्यांच्या टप्प्यांत, आणि पगाराचे नियम जाणणारा माणूस टीमसोबतच बसवून. १९९७ मध्ये सुमारे १०,००० जणांचा पगार त्यावर निघू लागला. (वॉटरफॉल, म्हणजे एक पायरी पूर्ण संपवूनच पुढची घ्यायची, या पद्धतीचं खापर ज्याच्या माथी फोडतात, त्या विन्स्टन रॉइस या संगणक तज्ज्ञानेही १९७० मध्येच बजावलं होतं, की हे असं सरळ एका दिशेने करणं धोक्याचं आहे.)

पगाराचे नियम कागदावर पूर्ण कधीच नसतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर बहुतेकांचा दरमहा २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत मात्र ३००. जानेवारीच्या आकड्यांवर पास झालेला कोड फेब्रुवारीत तोंडघशी पडतो. म्हणून लॉगिन, मेनू, रिपोर्ट बाजूला ठेव. पहिल्या टप्प्यात एकाच प्रकारच्या कर्मचाऱ्याची हजेरीपासून स्लिपपर्यंतची वाट पूर्ण कर. ग्राहकाकडून वेगवेगळ्या महिन्यांच्या वीसेक जुन्या स्लिपा माग. त्याच तुझ्या टेस्ट. रुपयाचा फरक आला तरी कोड बदलण्याआधी अकाउंट्सवाल्यांना विचार. न लिहिलेला नियम बहुधा तिथेच सापडतो.

क्रायस्लरचा तो प्रकल्प फेब्रुवारी २००० मध्ये बंद झाला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. काय हवं ते सांगणारे वेगळे आणि पैसे देणारे वेगळे, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. तुझ्याकडेही मला तोच संशय येतो. नियम ठरवणारा कोण आणि बिल मंजूर करणारा कोण, ही दोन नावं करारातच लिहून घे. डेमोला दोघंही हवेत. बिल मंजूर करणारा सलग दोनदा आला नाही, तर पुढचा टप्पा सुरू करू नकोस.

करार ठरावीक रकमेचा असेल, तर अदलाबदलीचं कलम घाल: नवी मागणी आत येताना तेवढ्याच कामाची जुनी मागणी बाहेर जाईल, आणि कोणती ते ग्राहकच ठरवेल.