पेशींचं ‘विभाजन’, ‘विलगीकरण’ की आणखी काही?

नांदेडच्या एका प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न आहे. बीएस्सीच्या मुलांसाठी त्या मराठीत टिपणं काढत आहेत. विषय असा की विद्युतक्षेत्र आणि पॉलिमरची (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थांची) द्रव मिश्रणं वापरून एका प्रकारच्या पेशी दुसऱ्या प्रकारापासून कशा वेगळ्या काढतात. ‘सेल सेपरेशन’साठी त्यांनी ‘पेशी विभाजन’ लिहिलं, सहकाऱ्यांनी ‘विलगीकरण’ सुचवलं. बरोबर कोणतं?

‘विभाजन’ इथं नकोच. पेशीविभाजन म्हणजे एका पेशीच्या दोन होणं, हे मुलांच्या डोक्यात शाळेपासून पक्कं बसलेलं आहे. ‘विद्युतक्षेत्रातील पेशी विभाजन’ वाचलं की करंट दिल्यावर पेशी दुभंगते असंच त्यांना वाटणार. ‘विलगीकरण’ अर्थानं चुकीचं नाही, पण २०२० पासून तो शब्द ऐकला की झेडपीच्या शाळेत चौदा दिवस ठेवलेली माणसं आठवतात. ‘पृथक्करण’ही मोहात पाडतं, मात्र मराठीत रासायनिक पृथक्करण म्हणजे पदार्थात काय काय आहे याची तपासणी, तेव्हा तिथंही घोटाळा.

माझं मत, नामाचा हट्ट सोडून क्रियापदापाशी यावं. कशाच्या जोरावर वेगळं करायचं, त्याप्रमाणे मराठीत क्रियापद बदलतं. आकारावरून करायचं तर चाळायचं, नजरेनं निवडायचं, गाळ खाली बसू देऊन वरचं निथळून घ्यायचं. मग पेशींच्या बाबतीत जोर कशाचा, ते आधी पाहू.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विद्युतक्षेत्रानं कण सरकवण्याच्या पद्धतीत, जोर विद्युत प्रभाराचा. बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. आपल्या तांबड्या रक्तपेशींवर तो मुख्यतः पृष्ठभागावरच्या सियालिक आम्ल या शर्करेसारख्या रेणूमुळे येतो. विद्युतक्षेत्र लावलं की पेशी धन टोकाकडं सरकतात, पण साऱ्या एका वेगानं नाही. अखंड प्रवाहाच्या पद्धतीत द्रव एका दिशेनं वाहतो आणि क्षेत्र आडवं लावतात, म्हणून वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या अंतरावर बाहेर पडतात. खळ्यावर वावडीवरून दाणे सोडतात आणि वारं भूस बाजूला नेतं, तशीच ही रचना. ‘पेशी उपणणे’ म्हणायचा मोह मलाही झाला, पण तो आवरलेला बरा. वारं हलकं-जड बघतं, विद्युतक्षेत्र पृष्ठभागावरचा प्रभार बघतं. उलट वजन इथं अडचणच करतं. पेशी खाली बसू लागतात, विजेनं द्रव तापून त्यात प्रवाह उठतात आणि सगळं पुन्हा मिसळतं. म्हणूनच १९७१ मध्ये अपोलो १४ वर आणि पुढं स्पेस शटलमध्ये इलेक्ट्रोफोरेसिसचे प्रयोग अंतराळात, जिथं वजन जाणवत नाही तिथं, करून पाहिले गेले.

पॉलिमरच्या मिश्रणाची तऱ्हा निराळी. डेक्स्ट्रान साधारण ५ टक्के आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल साधारण ४ टक्के, अशी दोन पॉलिमरं एकाच पाण्यात विरघळवली, तर दोन्ही द्रावणं पाण्याचीच असूनही एकजीव होत नाहीत. डेक्स्ट्रानचं किंचित जड द्रावण खाली जातं, ग्लायकॉलचं वर येतं. पेशींसाठी या पद्धतीचा पाया स्वीडनच्या पेर-ओके आल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात घातला. पेशी आपल्या पृष्ठभागाच्या गुणांप्रमाणं वर जातात, खाली जातात किंवा मधल्या सीमेवर अडकतात. याला ‘वाटणी’ हा शब्द चपखल बसतो. भावाभावांच्या शेताच्या वाटणीमुळं तो मुलांच्या कानावरचा आहेच, आणि कोणत्या द्रावणात किती गेलं याचं प्रमाण सांगणाऱ्या ‘पार्टिशन कोइफिशंट’ला ‘वाटणी गुणांक’ म्हणायलाही काही अडत नाही.

जाता जाता, हे डेक्स्ट्रान आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या ओळखीचंच आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्यूकोनोस्टॉक नावाचे जिवाणू त्यातल्या साखरेपासून हेच बनवतात आणि रस चिकट होतो. कारखान्याची डोकेदुखी ती प्रयोगशाळेची सामग्री.

या वाटणीतही विजेचं काम आहे. दोन्ही द्रावणांची घनता जवळजवळ सारखी आणि ती दाटही असतात, त्यामुळं हलवल्यावर ती वेगळी व्हायला वेळ लागतो. मिश्रणातला फॉस्फेटसारखा क्षार दोन्हींत सारखा वाटला जात नाही. त्यातून एका द्रावणाच्या दुसऱ्यात तरंगणाऱ्या थेंबांना विद्युतक्षेत्रात गती मिळते. क्षेत्राची दिशा योग्य ठेवली तर दोन्ही द्रावणं लवकर वेगळी होतात, उलटी केली तर रखडतात.

तर बाई, मथळ्यात सरळ ‘पेशी वेगळ्या करण्याच्या पद्धती’ लिहा. इलेक्ट्रोफोरेसिस तसाच ठेवा; प्रयोगशाळेत ‘जेल चालवलं’ म्हणणारी मुलं तोच शब्द बोलतात. पॉलिमरच्या भागात ‘वाटणी’ वापरा. राहिला ‘फेज’, म्हणजे न मिसळणाऱ्या या दोन द्रावणांपैकी प्रत्येकाला इंग्रजीत म्हणतात तो शब्द. द्रावणं स्थिरावल्यावर ‘वरचा थर’, ‘खालचा थर’ पुरे. पण थेंब अजून मिसळलेलेच असतात तेव्हा थर झालेलाच नसतो, म्हणून तेवढ्या परिच्छेदापुरती ‘प्रावस्था’ लागेल.