अंतर तेवढंच, मग परतताना वेळ कमी कसा?

प्रश्न : दोन विमानतळांमधलं हवाई अंतर स्वतः कसं काढायचं? आणि लंडन–न्यूयॉर्क प्रवासाला जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का लागतो?

उत्तर : नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर काढू नका. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून (ज्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच असतं अशा वर्तुळावरून) जातो आणि सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो. त्यापेक्षा अक्षांश-रेखांश घ्या : लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) येतो सुमारे ४९.८२ अंश. बृहद्वृत्तावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर किंवा ६० नॉटिकल (सागरी) मैल; म्हणून १११.२ ने गुणलं की ५,५४० किलोमीटर, ६० ने गुणलं की सुमारे २,९९० नॉटिकल मैल.

उत्तर भलतंच आलं तर आधी कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर ते पाहा; इथे तो अंशांवर हवा. दुसरी नेहमीची चूक कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) : ५१ अंश २८ कला म्हणजे ५१.२८ नव्हे, २८ भागिले ६० करून ५१.४७. एवढ्यानेच हीथ्रो २१ किलोमीटर दक्षिणेला सरकतं. एक ठिकाण शून्य रेखांशाच्या पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असेल तर रेखांशांची बेरीज करायची.

वेळेचं गणित वाऱ्यावर ठरतं. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर वारा नसताना हे अंतर ६ तास ९ मिनिटांत संपेल. अटलांटिकवर उंचावरची जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. ती सरासरी ताशी १०० किलोमीटर धरा. न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीवरचा वेग ८०० उरतो, म्हणजे ६ तास ५५ मिनिटं; परतताना तो १,००० होतो, म्हणजे ५ तास ३२ मिनिटं. वारा नसतानाच्या तुलनेत जाताना ४६ मिनिटं जास्त गेली, येताना ३७च वाचली, कारण उलट्या वाऱ्याशी झुंजण्यात विमान जास्त वेळ घालवतं. हिवाळ्यात हा प्रवाह जोरात असतो, तेव्हा फरक आणखी वाढतो.

यात चढण, उतरण आणि धावपट्टीपर्यंतची ये-जा यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळवा. शिवाय प्रत्यक्ष मार्ग सरळ अंतरापेक्षा थोडा लांबच असतो. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते.

प्रश्न : लंडनहून न्यूयॉर्कच्या तिकिटावर सुटण्याची वेळ ११, पोहोचण्याची १४. म्हणजे तीनच तास?

उत्तर : नाही. दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. न्यूयॉर्क लंडनच्या ५ तास मागे, म्हणून प्रवास ८ तासांचा. मात्र उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधल्या काळात फरक ४ तासांचाच असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंतही तसंच. त्या दिवसांत पुढचं विमान पकडायचं असेल, तर दोन्ही वेळा यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) लिहून मगच वजाबाकी करा.