सोसायटीतले आजी-आजोबा आणि मुलं मिळून काही करत राहतील, यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पुण्यातल्या सोसायटीत पंधरा-वीस ज्येष्ठ संध्याकाळी बाकावर बसतात, समोर मुलं खेळतात आणि दोघांचा संबंध 'आजोबा, बॉल द्या ना' एवढाच. आमच्याकडे कोथरूडलाही असंच होतं. मी 67 वर्षांची आहे, म्हणजे बाकावरूनच सांगतेय.

आधी आम्ही मधुमेहावर व्याख्यान ठेवलं, मग ज्येष्ठांचा सत्कार. मुलांना आयांनी दटावून आणून बसवलं होतं. नारळाच्या वड्या झाल्या, शाली कपाटात गेल्या, विषय संपला.

जमलं ते दिवाळीच्या किल्ल्यामुळे. मुलं दरवर्षी विटा रचायची, वर पोती टाकून चिखल थापायची. कुठला किल्ला म्हणून विचारलं तर उत्तर नाही. एका वर्षी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, राजगड करा. स्वतःच खडू घेऊन पार्किंगच्या फरशीवर आराखडा काढला. मधे बालेकिल्ला, भोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. सहावीतली एक मुलगी मोबाइलवर नकाशा उघडून म्हणाली, "काका, सुवेळा पूर्वेला असते. तुम्ही संजीवनीशी अदलाबदल केलीत." काका चिडले. चष्मा लावून बराच वेळ नकाशा मोठा करकरून बघितला आणि मुकाट्यानं खडू तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी बाक रिकामं. सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, तीनदा ढासळलं, शेवटी एका आजींनी करवंटीला भोक पाडून ती बसवली. (सत्काराचा नारळ असा कामी आला!) अळीव माझ्याकडे. दिवाळीला हिरवं दिसायचं तर चार-पाच दिवस आधी पेरायला हवेत, म्हणून "आजी, आता टाकू का?" विचारायला रोज कोणीतरी दार वाजवायचं. मला तर वाटतं, त्या मुलीनं चूक काढली म्हणूनच काका रमले. सत्कारात तुमची चूक कोण काढतंय?

एक मात्र सांभाळा. पार्किंगमध्ये आवाज घुमतो, श्रवणयंत्रवाल्यांना काही कळत नाही. तिघा-चौघांचेच गट करा आणि काम टेबलावर घ्या, खाली बसणं आता जमत नाही.

याहून मोठं करायची हौस असेल तर नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरचं ह्युमानिटास हे वृद्धनिवास बघा. तिथे विद्यार्थी भाडं न देता राहतात आणि महिन्याला 30 तास शेजारधर्म पाळतात. आपल्याकडे मुलं परदेशी म्हणून तीन खोल्यांत एकट्या आजी, आणि तिकडे सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं एकेका खोलीत दाटीवाटीनं. अशा आजींकडे एखादा विद्यार्थी राहू शकतो, पण रीतसर करार आणि पोलिस पडताळणी कराच. 'नातवासारखा आहे हो' यावर भागवू नका.

यंदा काका प्रतापगड म्हणतायत, ती मुलगी जंजिऱ्यावर अडून बसलीय. त्याला समुद्र लागणार, म्हणजे फरशीवर ताडपत्री घालून पाणी. कमिटीनं अजून होकार दिलेला नाही.