वाचक विचारतात : मुक्त तंत्रज्ञान पत्रकाराचा आठवडा

तंत्रज्ञानावर मुक्तपणे लिहिणाऱ्यांची, लिहू पाहणाऱ्यांची बरीच पत्रे या महिन्यात आली. त्यांतल्या सात प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

संगणक अभियांत्रिकीची पदवी आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ तंत्रज्ञानावर लिहायचा विचार आहे. आठवडा कसा आखावा? – फोंडा

आधी वेळापत्रकाचे दोन भाग करा : ज्याची वेळ दुसरे ठरवतात ते, आणि ज्याची तुम्ही ठरवता ते. कॅलिफोर्नियात सकाळी १० वाजता होणारी घोषणा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री १०.३० ला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे जातात, मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तीच घोषणा रात्री ११.३० ला. न्यूयॉर्कच्या सकाळी ९ चा एम्बार्गो (आधी मिळालेली माहिती ठरल्या वेळेआधी न छापण्याची अट) तसाच, आधी संध्याकाळी ६.३० आणि नंतर ७.३०. कॅलेंडरात नोंद करताना भारतीय वेळच लिहा. चुका होतात त्या बहुधा घड्याळ बदलते त्या आठवड्यात, आणि एम्बार्गो तासभर आधी मोडला की पुढची माहिती आधी मिळणे बंद होते.

उरलेल्या वेळातली सोमवारची सकाळ प्रस्तावांना द्या. प्रस्ताव दीडशे शब्दांच्या आत असावा. एकच दावा, तो सिद्ध करणारे कोणते कागद हाती आहेत, कोणाशी बोलणार, किती शब्द, कधी देणार. 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि गोवा' हा विषय झाला, प्रस्ताव नव्हे. एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवा. बातमीला तीन दिवस, दीर्घ लेखाला एक आठवडा वाट पाहून, कळवून मगच दुसरीकडे द्या.

मंगळवार ते गुरुवार मुलाखती, चाचण्या, फिरणे आणि मधल्या वेळात लेखन. मुलाखत दोन उपकरणांवर ध्वनिमुद्रित करा आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा, कारण फोन आला की अनेक अ‍ॅप्समधले मुद्रण थांबते आणि ते लक्षातही येत नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो डब्ल्यूएव्ही फाइल तासाला सुमारे ३२० एमबी होते. ६४ केबीपीएसची एमपी३ फक्त २९ एमबी. मूळ मुद्रण पहिल्या प्रकारात ठेवा, संपादकाला ऐकवायला दुसरा प्रकार पुरतो. गोव्यात माणसे एकाच वाक्यात कोंकणी, मराठी, इंग्रजी बोलतात. आवाजाचे मजकुरात रूपांतर करणारी साधने तिथेच अडखळतात, तीही नेमकी आकड्यांवर आणि नावांवर. म्हणून छापायचे प्रत्येक अवतरण कानाने पुन्हा ऐकणे टाळू नका.

शुक्रवार तपासणीचा. छापील प्रत काढून प्रत्येक आकडा, नाव, हुद्दा, तारीख अधोरेखित करा आणि समासात स्रोत लिहा. ज्याला स्रोत सापडत नाही ते वाक्य काढा. बिलेही त्याच दिवशी पाठवा. पाच दिवसांत प्रत्यक्ष लेखनाला दोन दिवस मिळाले तर आठवडा चांगला गेला असे समजा. नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. लेख छापून येणे आणि पैसे येणे यांत दोन महिने सहज जातात.

परीक्षणासाठी कंपनीकडून फोन येणार आहे. दहा दिवसांत काय काय तपासावे? – म्हापसा

खोका उघडताना छायाचित्रे काढा, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) नोंदवा, आधीचा ओरखडा असेल तर त्याच दिवशी कळवा. पहिले दोन दिवस बॅटरीवर काही लिहू नका. नवा फोन त्या काळात छायाचित्रे आणि अ‍ॅप्सची अनुक्रमणी पार्श्वभूमीवर करत असतो, त्यामुळे आकडे वाईट येतात. तिसऱ्या दिवसापासून स्वयंचलित प्रकाशमान बंद, तेच सिम, तीच जागा, तोच व्हिडिओ असे ठेवून किमान दोनदा मोजा.

आपल्याकडच्या दमट हवेत उष्णता हा खरा मुद्दा आहे. कव्हर काढून ग्राफिक्सची चाचणी सलग २० फेऱ्या चालवा, खोलीचे तापमान लिहा, पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा गुणांक शेजारी छापा. कंपन्या पहिल्या फेरीचाच आकडा सांगतात. वाचकाला मात्र दुपारी दोन वाजता नकाशा लावून, चार्जिंग चालू ठेवून फोन वापरायचा असतो.

आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असे लिहिलेला फोन समुद्रात बुडवून दाखवू नका. ही चाचणी गोड्या पाण्यात, ठराविक खोलीवर आणि ठराविक वेळ होते, ती खोली व वेळ कंपनी स्वतः जाहीर करते. खारे पाणी चार्जिंगच्या खाचेतले धातूचे संपर्क गंजवते. किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला हे स्पष्ट शब्दांत सांगणे परीक्षणाचे कामच आहे. परत पाठवताना आधी आपले खाते काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटला तर फोन जुन्या खात्याला कुलूपबंद राहू शकतो. फोन उसना होता, प्रवासखर्च कोणी केला, हे लेखात लिहा.

पावसाळ्यात वीज जाते आणि नेमका तेव्हाच लेख पाठवायचा असतो. स्वस्तातला उपाय? – काणकोण

फायबरच्या तारेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्यामुळे घरातले ओएनटी (फायबरची तार जिथे जोडतात तो डबा) आणि राउटर चालू राहिले तर नेट बहुधा टिकते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. ८००० एमएएचची बॅटरी असली (३.७ व्होल्टवर सुमारे ३० वॅट-तास) तर ८ वॅट घेणारा राउटर साधारण तीन तास चालतो. दोन गोष्टी विकत घेण्यापूर्वी पाहा : राउटर ९ व्होल्टचा की १२ चा, आणि पिन ५.५ × २.१ मिमी की २.५ मिमी. दोन्ही पिना दिसायला सारख्याच, पण चुकीची बसवली की सैल राहते आणि राउटर मधूनच बंद-चालू होतो. दीर्घकाळ वीज गेली तर मोबाइलचे मनोरेही थकतात. दुसऱ्या कंपनीचे सिम सोबत असू द्या आणि मजकूर छायाचित्रांच्या आधी वेगळा पाठवा.

सरकारी पोर्टलवर बातम्या करायच्या आहेत. प्रसिद्धीपत्रकापलीकडे कागद कुठे मिळतात? – डिचोली

पहिली जागा पर्वरीची विधानसभा. आमदारांच्या प्रश्नांना खात्यांनी दिलेली लेखी उत्तरे विधानसभेच्या संकेतस्थळावर असतात. कंत्राट कोणाला, किती रक्कम, काम किती झाले, हे त्यांच्या जोडपत्रांत सापडते. अधिवेशन संपल्यावरच्या आठवड्यात ती शांतपणे वाचा. बहुतेक बातमीदार तेव्हा दुसऱ्या विषयाकडे वळलेले असतात.

दुसरी जागा माहिती अधिकार. 'पोर्टल सारखे बंद का पडते?' असे विचारू नका. कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. असे लिहा : 'अमुक ते अमुक तारखेदरम्यान या पोर्टलच्या देखभालीचा कार्यादेश, अदा केलेली बिले, सेवास्तर करार (सेवा किती चोख द्यायची ते ठरवणारा) आणि आकारलेला दंड यांच्या प्रती.' सुरक्षा तपासणीचा पूर्ण अहवाल नाकारला जाण्याची शक्यता मोठी आहे. तपासणीची तारीख, करणारी संस्था आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम आता अधिक कडक केले आहे, म्हणून लाभार्थींची नावे न मागता तालुकावार संख्या मागा. नावेच हवी असतील तर सार्वजनिक हित काय ते अर्जातच लिहा.

एका संकेतस्थळाच्या पत्त्यातला क्रमांक बदलला की दुसऱ्याची कागदपत्रे दिसतात. बातमी कशी करावी? – वास्को

क्रमांक पुढे बदलत राहू नका. किती नोंदी उघड्या आहेत हे मोजण्याचा मोह इथेच आवरा. परवानगीविना प्रणालीत शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकते आणि 'पत्रकार म्हणून पाहिले' हा बचाव कायद्यात लिहिलेला नाही. स्वतःची नोंद आणि लेखी संमती दिलेल्या एका सहकाऱ्याची नोंद, एवढ्यावर दोष दाखवता येतो. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, दुसऱ्या कोणाचे काही उतरवून ठेवू नका. ते संकेतस्थळ चालवणारे आणि सर्ट-इन (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) या दोघांनाही एकाच दिवशी लेखी कळवा. दोष बुजेपर्यंत पत्ता, क्रमांकाची रचना, संकेतस्थळाचा कोणता भाग, यातले काहीही छापू नका. दुरुस्ती झाली की किती दिवस लागले, ही बातमी आणखी भक्कम होते.

पैसे वेळेवर मिळत नाहीत, आणि करांचेही कळत नाही. – मडगाव

काम स्वीकारतानाच ई-मेलवर पाच गोष्टी ठरवा : शब्दसंख्या आणि दर, पैसे देण्याची मुदत, लेख न छापल्यास किती टक्के, फेरलेखन किती वेळा, आणि हक्क. शेवटची बाब बहुतेक जण वाचतही नाहीत. नोकरीत नसलेल्या लेखकाकडे लेखाचा स्वामित्वहक्क मुळात राहतो आणि तो देण्यासाठी सही केलेला लेखी करार लागतो. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश नसेल तर तो भारत, असे १९५७ चा कायदा सांगतो. 'सर्व हक्क कायमचे' असे छापील असेल तर प्रथम प्रसिद्धीचा हक्क देऊ करा किंवा दर वाढवून मागा.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते, स्वतंत्र पत्रकारिता सर्जनशील सेवांच्या गटात बसते. नोंदणी काम घेण्याआधीची असेल तर देणेकऱ्याला लेखी करारात ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. नुसत्या आठवणपत्रापेक्षा हिशेबनिसावर त्याचा परिणाम जास्त होतो.

एकाच प्रकाशकाकडून वर्षात ५० हजारांहून जास्त मानधन झाले की १० टक्के करकपात होते. ती खरोखर भरली का, ते आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या करकपातीच्या विवरणात दर तिमाहीला पाहा. निम्मे उत्पन्न नफा धरण्याची व्यावसायिकांची सोपी योजना ठराविक व्यवसायांपुरती आहे, त्या यादीत पत्रकारिता नाही. म्हणून नेट, वीज, प्रवास, उपकरणे यांच्या पावत्या ठेवाव्याच लागतात. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

आता खास गोव्याची गोष्ट. पोर्तुगीज नागरी कायद्याखाली समाईक मालमत्तेच्या पद्धतीने विवाह झाला असेल, तर पगार सोडून इतर उत्पन्न पती-पत्नीत निम्मे-निम्मे विभागले जाते. नोकरी होती तोवर हा प्रश्न आला नाही. मुक्त लेखनाचे उत्पन्न मात्र पगार नसते, ते विभागावे लागते आणि दोघांनाही विवरणपत्र तसेच भरावे लागते. कपात झालेल्या कराचे श्रेयही वाटले जाते. गोव्याबाहेरच्या सल्लागाराला ही तरतूद बऱ्याचदा ठाऊक नसते, म्हणून पहिल्याच भेटीत सांगा.

पुढच्या सहा महिन्यांची आखणी कशी करावी? आम्ही दोघे मिळून काम सुरू करतो आहोत. – पेडणे

जुलै ते डिसेंबर धरून सांगतो. जुलैच्या आसपास विधानसभेचे पावसाळी अधिवेशन असते, त्याची उत्तरे ऑगस्टमध्ये वाचा. चवथीचा आठवडा सरळ कोरा ठेवा. कार्यालये, दुकाने, माणसे, कोणीच मिळत नाही, आणि सप्टेंबरातल्या फोनघोषणा त्याच्या आसपास येतात. दोघांपैकी एकाने त्या दिवसांत काम करायचे का, हे आताच ठरवा. ऑक्टोबरात दिल्लीत इंडिया मोबाईल काँग्रेस असते. नुसत्या उद्घाटनासाठी जाऊ नका, तीन मुलाखती पक्क्या असतील तरच तिकीट काढा. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव. चित्रपटांवर लिहिणारे शेकडो असतात. प्रक्षेपण, उपशीर्षके, तिकीट आरक्षणाची प्रणाली यांवर लिहिणारे फार थोडे.

एक मोठा विषय आत्ताच हाती घ्या. विदा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. हॉटेल, होमस्टे आणि भाड्याने दुचाकी देणारे पाहुण्यांच्या आधारची, परवान्याची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागतात. ती कोणाच्या फोनवर राहतात, किती दिवस, कामगार नोकरी सोडून गेल्यावर त्यांचे काय होते, हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत विचारता येईल. मांद्रे, हरमल तुमच्या दारात आहेत, सुरुवात तिथून करा. प्रत्येकाला तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने विचारा, उत्तरे एका तक्त्यात भरा. परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाचा सरकारकडे २४ तासांत भरायचा अर्ज वेगळा आहे. तो कायद्याने लागतोच, त्याची गल्लत नको. तीस मुलाखती झाल्या की पहिला प्रस्ताव लिहा.