लातूरला राहून गोल्फचा स्विंग सुधारता येईल का? ड्रायव्हरचा चेंडू सारखा उजवीकडं वळायलाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही पन्नाशीत आहात, कॉलेजात भरपूर क्रिकेट खेळलात, आता पोराकडं पुण्याला गेलात की गोल्फ खेळता, लातूरला जवळ ना कोर्स (गोल्फचं मैदान) ना कोच, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, मारला की चेंडू दरवेळी उजवीकडं वळून झाडीत जातो आणि यूट्यूबवर रोज नवी टीप बघून बघून डोकं पिकलंय. मी नांदेडचा, तुमच्यासारखाच उजव्या हातानं खेळतो, आम्हाला हैदराबादचा नया किल्ल्यातला, गोवळकोंड्याजवळचा कोर्स पुण्यापेक्षा जवळ पडतो, आणि बाकीचा सराव सगळा शेतात. त्यामुळं तुमची अडचण मला चांगली कळते. सुधारता येतो, नक्की येतो. पण महिनाभर त्या टिपा बंद करा राव, त्या देणाऱ्यानं तुमचा चेंडू कधी बघितलेलाच नसतो.

आधी चेंडू काय सांगायलाय ते बघा. चेंडू सुटतो तो मुख्यतः क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, ज्या दिशेला असतो तिकडं, आणि नंतर हवेत वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळं. पाथ म्हणजे क्लब चेंडूतून कुठल्या दिशेनं जातो ते. आधी लोक उलटं समजायचे, पाथनं सुरुवातीची दिशा ठरते म्हणायचे, रडारची मशिनं आल्यावर ते स्पष्ट झालं. तर तुमचा चेंडू डावीकडं सुटून उजवीकडं येत असेल तर क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून तुमच्या अंगाकडं, कापत यायलाय. सुरुवातीपासूनच उजवीकडं सुटून अजून उजवीकडं जात असेल तर फेस लई उघडा आहे, आणि मग पाथच्या मागं लागून काही उपयोग नाही. तुम्ही नुसतं "उजवीकडं वळतो" लिहिलंय, सुटतो कुठं ते लिहिलं नाही, आणि खरं तर सगळं त्यावरच आहे.

अजून एक गोष्ट आधी तपासा, व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, चेंडूवर मागच्या बाजूला चांगला ठळक ठिपका काढा आणि मारा, ठिपका फेसवर उमटतो. तो जर शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, म्हणजे हीलकडं उमटत असेल, तर चेंडू लागताना ड्रायव्हरचं डोकं फिरतं आणि त्यामुळं चेंडूला उजवीकडं वळणारी फिरकी आपोआप मिळते, स्विंग बरा असला तरी. अशा वेळी चेंडूपासून थोडं लांब उभं राहून बघा, कधी कधी तेवढ्यानंच अर्धं काम होतं.

आता क्रिकेटचं बोलतो, कारण माझ्या मते तुमचं मूळ तिथं आहे. आपल्याकडं ज्यांनी मॅटिंगवर नाहीतर टेनिस बॉलवर क्रिकेट खेळलंय त्यांच्या हातात एक सवय पक्की बसलेली असते, सरळ मारताना वरचा कोपर उंच ठेवायचा आणि बॅटचं तोंड शेवटपर्यंत बॉलरकडं धरून ठेवायचं. क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे, चेंडू खाली राहतो. गोल्फमध्ये तेच केलं की डावा कोपर बाहेर निघतो, मनगटं वळत नाहीत आणि फेस उघडा राहतो. गोल्फमध्ये चेंडू लागल्यावर डावा कोपर खाली मिटला पाहिजे आणि उजवा हात डाव्यावरून वळला पाहिजे. तपासायचं कसं, तर सात नंबरचं आयर्न (लोखंडी पात्याचा, मधल्या अंतराचा क्लब) घ्या, अर्धा स्विंग करा, चेंडूनंतर शाफ्ट जमिनीला समांतर आला की तिथंच थांबा आणि क्लबकडं बघा. क्लबचं टोक आभाळाकडं असेल तर ठीक. फेस आभाळाकडं असेल तर तुम्ही अजून स्ट्रेट ड्राइव्हच मारायलात.

हे बदलायचं तर सुरुवात ग्रिपपासून. ग्रिपला लोक कंटाळतात, काहीच घडत नाही असं वाटतं, पण हातांचा क्लबशी संबंध तेवढाच आहे. डाव्या हातात दांडा तळव्यात नको, बोटांत पाहिजे, करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका. मूठ मिटल्यावर वरून बघा, डाव्या हाताच्या बोटांच्या मुळांचे दोन ते अडीच उंचवटे दिसले पाहिजेत, एकच दिसत असेल तर हात डावीकडं फिरलेला आहे आणि फेस उघडणारच. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडं जाऊ द्या. मग उजवा तळवा डाव्या अंगठ्यावर झाकायचा. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची का तिच्यात अडकवायची यावर जास्त विचार नको, जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स हे दोघंही दिग्गज अडकवतात, बाकी बरेच जण वर ठेवतात. तुमचा जुना ग्लव्ह काढून बघा बरं, तळव्याच्या खालच्या गादीवर झिजून भोक पडलं असेल तर क्लब तळव्यात धरला जायलाय आणि स्विंगमध्ये घसरायलाय. नवी ग्रिप सुरुवातीला इतकी विचित्र वाटते की सोडून द्यावी वाटते, चेंडू डावीकडंही जातील, जाऊ द्या. टीव्ही बघता बघता क्लब हातात घेऊन बसा, सोडा, परत धरा.

पाथसाठी आपल्याकडचं सगळ्यात चांगलं साहित्य म्हणजे तुराट्या. दोन सरळ तुराट्या निवडा (पऱ्हाटी नको, ती वाकडी असते), एक पायांच्या पुढं निशाण्याच्या दिशेला समांतर आडवी ठेवा. उजवीकडं वळणारा माणूस हळूहळू डावीकडं तोंड करून उभा राहायला लागतो आणि त्यानं क्लब अजूनच कापत येतो, ते यात लगेच दिसतं. दुसरी चेंडूच्या पलीकडं, थोडी मागं, जमिनीत रोवा. क्लब बाहेरून आला तर तुराटी मोडते, मनगटाला झटका बसत नाही. लोखंडी गज किंवा बांबू अजिबात रोवू नका.

आता रानाचं. आपली काळी रेगडी उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते, तिच्यावर आयर्न मारलं की कोपराचा त्रास ठरलेला, त्या दिवसांत खाली काथ्याची जाड पायपुसणी घ्या. पण सोयाबीन निघून रान मोकळं झालं, एखादा पाऊस पडून गेला आणि वाफसा आला, की तेव्हाच्या मातीइतका खरा कोच कुठं मिळणार नाही. रांगोळीनं जमिनीवर निशाण्याच्या दिशेला काटकोनात एक रेघ काढा, चेंडू न ठेवता रेघेवर स्विंग करा आणि क्लब कुठं घासला ते बघा. खूण रेघेवर सुरू होऊन निशाण्याच्या बाजूला गेली पाहिजे. रेघेच्या मागं घासला तर वजन उजव्या पायावरच राहिलंय. वाफशाच्या मातीत ती खूण अशी स्वच्छ उमटते की तिरकी गेली असेल तर तेही दिसतं, डावीकडं तिरकी म्हणजे पाथ कापतोय.

चेंडू मारायचा तर मागं दुहेरी शेडनेट ढिलं सोडून लावा, ताणून लावलं तर चेंडू उसळून अंगावर येतो. हौशी माणसाच्या ड्रायव्हरवरूनही चेंडू ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो, वजन जवळपास ४६ ग्रॅम, त्यामुळं शेजारच्या रानात कुणी खुरपत असेल तर मोकळ्यावर एकही चेंडू मारू नका.

वेग मुद्दाम कमी ठेवा. अर्ध्या स्विंगनं चेंडू सलग सरळ जायला लागल्याशिवाय पूर्ण स्विंगला जाऊ नका आणि ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. चांगल्या खेळाडूंचा मागं जायचा वेळ खाली यायच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो, पण बहुतेक हौशी लोक वरूनच घाई करतात, आणि वरून खांद्यांनी सुरुवात झाली की क्लब बाहेर फेकला जातो.

आणि स्विंग देखणा दिसलाच पाहिजे असं मनात धरू नका. अमेरिकेच्या जिम फ्युरिकचा स्विंग वर जाऊन खाली येताना केवढा वळसा घेतो, तरी त्यानं २००३ ला यूएस ओपन जिंकली आणि २०१६ ला पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत) अठरा होलची फेरी ५८ फटक्यांत संपवली. चेंडू लागायच्या क्षणी फेस जागेवर असतो त्याचा. आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, लांब मारण्यात ती बऱ्याच जणींच्या मागं होती, पण पटिंग (चेंडू हळू ढकलून होलमध्ये घालणं) इतकं चांगलं, की पदक फक्त एका शॉटनं हुकलं. म्हणून घरात सतरंजीवर रोज थोडं पटिंग करत राहा, त्याला कोर्स लागत नाही.

पुण्याला गेलात की कोचचा तास पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे उरलेल्या दिवसांत त्याच्यावर काम होतं, आणि त्याला एकच विचारा, फेस का पाथ. मोबाईलवर स्लो मोशन घेताना फोन हातांच्या उंचीवर ठेवा, एकदा समोरून आणि एकदा मागून, म्हणजे निशाणा पुढं दिसेल असा, हातांच्या रेषेत, जरा जरी बाजूला सरकला तर पाथ खोटा दिसतो. दोन्ही बाजूंचे व्हिडिओ काढून खाली टाका, चेंडू सुटला कुठं आणि वळला कुठं तेही लिहा, मी बघून सांगतो.